एका आडनावाची विद्वत्ता

विद्यापीठातली विद्वत्ता मोजायची असं ठरलं, तेव्हा कोणीच विरोध केला नाही. ती नुसती बघून ओळखू येत नाही, हा अनुभव सर्वांच्याच गाठीशी होता. मोजणीसाठी गुणवत्ता कक्ष स्थापन झाला आणि कक्षातल्या संगणकाला काम नेमून देण्यात आलं: छापून आलेले सगळे शोधलेख गोळा करायचे आणि आडनाव व नावाचं पहिलं अक्षर जुळलं की ज्याच्या त्याच्या पदरात टाकायचे. पूर्ण नाव पाहावं, अशी सूचना ग्रंथपालांनी केली होती. ती वेळखाऊ म्हणून फेटाळण्यात आली.

येणाऱ्या आकड्याला विद्वत्ता निर्देशांक म्हणायचं होतं. तो चाळीसच्या वर गेला तर नोकरी कायम, खाली राहिला तर निरोप.

ही बातमी प्राणिशास्त्र विभागातल्या गोगलगायबाईंनी दोनदा वाचली. हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गोगलगायींमागे घालवली होती. विभागाच्या मागच्या खोलीत काचेच्या पेट्या होत्या, पेट्यांत कोबीची पानं आणि अंड्यांची टरफलं, आणि त्यावर आपल्याच चालीनं फिरणारा बाईंचा संसार. नोकरी हंगामी. सुट्टी लागली की संपायची, सुट्टी सरली की पुन्हा सुरू व्हायची. शोधलेख जेमतेम चार. ज्या जिवावर लेख लिहायचा, त्याच्याच वेगानं तो लिहून व्हायचा.

निर्देशांक लागला तो दोनशे सोळा.

बाईंनी चष्मा पुसून यादी वाचली. गोगलगायींच्या चारांखाली गुडघ्याच्या वाटीची शस्त्रक्रिया होती. त्याखाली प्राचीन नाणी, पुलांची भारवहनक्षमता, जुन्या कवितेतली वृत्तं आणि पतिपत्नींमधल्या अबोल्याची कारणमीमांसा. सगळं बाईंच्या नावावर. म्हणजे आडनावावर.

ते आडनाव इथे दिलेलं नाही. दिलं तर निम्मे वाचक आपली बदनामी झाली म्हणतील. भर रस्त्यात त्या आडनावानं हाक मारली तर चौघं वळून बघतात आणि पाचवा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, इतकं ते सर्वसामान्य आहे. बाईंना ते लग्नात मिळालं होतं.

त्या तडक गुणवत्ता अधिकाऱ्यांकडे गेल्या.

"साहेब, हे लेख माझे नाहीत."

"आडनाव तुमचंच आहे ना?"

"हो."

"पहिलं अक्षर?"

"तेही माझंच, पण..."

"मग आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?"

"मला गुडघ्यातलं ओ की ठो कळत नाही. गोगलगायीला गुडघा नसतो."

"बाई, याला आंतरविद्याशाखीय दृष्टी म्हणतात. लोक ती यावी म्हणून परदेशी जातात." अधिकाऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काढायचेच असतील तर काढतो. पण मग तुमचे चार उरतील. चाळीसची अट आहे, एवढं लक्षात असू द्या."

मागच्या खोलीतल्या पेट्या बाईंच्या डोळ्यांपुढून, सवयीप्रमाणे, हळूहळू सरकत गेल्या.

"घरी विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

घरी विचारण्याची गरजच पडली नाही. आकडा त्यांच्याआधी पोचला होता.

"मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या, "आमच्या आडनावातच ते आहे. माहेरचं ठेवलं असतंस तर बसली असतीस चारावर."

"अहो आई, ते लेख दुसऱ्यांचे आहेत."

"दुसरे कोण? आडनाव एक म्हणजे आपलेच ते. जरा लांबचे."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्यानं यादी जवळ धरून, लांब धरून पाहिली. "अगं, अबोल्यावरही लिहिलंयस? कधी सांगितलं नाहीस."

बाईंनी शेवटचा प्रयत्न म्हणून गुडघेवाल्या डॉक्टरांना फोन लावला. आडनाव तेच, अक्षर तेच.

"बाई, पाया पडतो, पाणी ढवळू नका," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "माझेही दोनशे सोळाच आहेत. तुमच्या गोगलगायींसकट. मी परवाच कायम झालो. नाणीवाले झालेत, पूलवालेही झालेत. तुम्हीच तेवढ्या मागे राहिलात."

एकूण सहाजण होते आणि प्रत्येकानं सहाही जणांचं काम केलं होतं. अशी एकी विद्वानांत सहसा दिसत नाही. बाईंनी फोन ठेवला आणि अधिकाऱ्यांना कळवलं, की काढू नका.

विभागप्रमुख पेढीवर बसल्यासारखे आपल्या खुर्चीत बसून होते. त्यांचा निर्देशांक एकोणीस. त्यांच्या आडनावाचं उभ्या शहरात एकच घर होतं आणि त्या घरात लिहिणारे ते एकटेच.

"वाटलं नव्हतं," ते बाईंना म्हणाले. "गोगलगाय आणि पोटात पाय." मग दार लोटून घेऊन त्यांनी विचारलं, "तुमच्या सासरी दत्तक वगैरे घेतात का हो?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्या महिन्यात विद्यापीठातल्या नऊ जणांनी आडनाव बदललं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी बायकोचं लावलं आणि त्याला स्त्रीमुक्ती म्हटलं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मुलीनं तर ठरलेलं लग्न मोडलं. मुलगा चांगला होता, घरही चांगलं होतं, पण त्या आडनावाचे लेख अवघे सात निघाले.

इकडे बाईंना पुलाच्या तपासणी समितीवर घेण्यात आलं. नदीवर उभं राहून त्या म्हणाल्या, "मला पुलातलं काही कळत नाही. पण इथे भेग आहे." समितीवर इतकं स्पष्ट बोलणारं आजवर कोणी आलं नव्हतं. पहिलं वाक्य विनय म्हणून नोंदवलं गेलं आणि दुसरं निष्कर्ष म्हणून.

अखेर नोकरी कायम झाल्याचा आदेश आला. त्याच लिफाफ्यात दुसरा आदेश होता, सेवानिवृत्तीचा.

बाई पुन्हा गुणवत्ता कक्षात. "साहेब, मी अजून चाळिशीही गाठली नाही."

"असं कसं? नाण्यांवरचा तुमचा पहिला लेख पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आहे. लिहिताना विशीच्या तर असालच. म्हणजे निवृत्तीचं वय उलटून गेलंय. मधला पगार परत मागत नाही, हे समजा."

"जन्माचा दाखला आणलाय मी."

अधिकाऱ्यांनी दाखला उलटसुलट पाहिला. "यावर आडनाव वेगळंच आहे. हा कोणाचा आणलात?"

"मग तो नाण्यांचा लेख काढून टाका."

"आता कसा काढणार? कायम माणसाचा निर्देशांक कमी करणं ही शिक्षा होते. शिक्षेआधी चौकशी लागते. आणि निवृत्त माणसाची चौकशी करता येत नाही." ते उठून उभे राहिले. "तुमच्यासारख्या ज्येष्ठांची उणीव भासेल, बाई."

पेट्या घरी आल्या. सासूबाईंनी त्यांना खिडकीखाली जागा करून दिली आणि शेजारीपाजारी सांगितलं, की आमच्या दोघींत सूनच मोठी आहे, आता कळलं.

पोट भरायला बाई व्याख्यानं देऊ लागल्या. निवृत्त विद्वानांना मागणी असते. सूत्रसंचालक दोनशे सोळाची यादी वाचत, तोवर सभागृह भारावून जाई. एका संध्याकाळी मात्र बाईंनी मनाशी ठरवलं, आज आपल्याला जे येतं तेच बोलायचं. त्या गोगलगायीबद्दल बोलल्या. ती घाई करत नाही. जमीन चाचपत पुढे सरकते. ऊन तापलं की आत जाऊन पडून राहते. चढावर थांबते, उतारावर जास्तच थांबते. बोलताना त्यांचा आवाज उजळत गेला. इतक्या वर्षांत त्यांचं कोणी इतका वेळ ऐकून घेतलं नव्हतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या रांगेत तुम्ही होता. डाव्या गुडघ्यासाठी आला होता आणि एकेक वाक्य टिपून घेत होता. घाई करायची नाही. उन्हाचं पडून राहायचं. जिना उतरताना थांबायचं.

तेव्हापासून तुम्ही तसंच वागता आहात. गुडघा निम्मा बरा आहे, असं चारचौघांत सांगताही. कोणत्या डॉक्टर, असं कोणी विचारलं की तुम्ही आडनाव सांगता, आणि समोरच्याला तेवढं पुरतं.