तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधला स्वावलंबी

यापुढे फक्त स्वतःसाठी जगायचं, असं मी ठरवलं आणि तीन दिवस जगूनही दाखवलं. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये अडकलो.

ही गेल्याला आठ महिने झाले. तिच्या उशाशी एक जाडजूड कादंबरी होती, निम्म्यात खूण घातलेली. तिने शेवटी काय वाचलं ते कळावं म्हणून मी ती हातात घेतली. नायक मोठा कर्तबगार इंजिनिअर. कुणासाठी काही करत नाही, कुणाकडून काही घेत नाही. जगाला त्याची किंमत नसते, म्हणून तो काम टाकून निघून जातो आणि जग ठप्प होतं. खूण होती तिथे त्याचं भाषण चाललेलं. शेजारी हिने पेन्सिलीने लिहिलेलं, ‘अगदी आपले हे.’

मला भरून आलं. ती जिथे थांबली तिथेच मीही थांबलो. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीची फुकट सांभाळली, पण मी कोण आहे ते ओळखलं फक्त हिने!

लगेच लिफ्टवर कागद चिकटवला : ‘आजपासून ही लिफ्ट मी बघणार नाही. प्रत्येकाने आपल्या बळावर जगावं.’

समोरच्या बाई हिच्या मैत्रीण, शाळेतून निवृत्त झालेल्या. आठ महिने रोज पाच वाजता मला चहाला बोलवत. दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“म्हणजे चहासुद्धा आपल्या बळावर का, भाऊजी?”

“तत्त्व म्हणजे तत्त्व.”

“बरं,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

जग काही ठप्प झालं नाही. लिफ्ट कुरकुरू लागली तशी माणसं जिन्याने जाऊ लागली. जिन्यात थांबून हसायची, ते मला घरात ऐकू यायचं. गुडघ्यांमुळे लिफ्टशिवाय अडणारा इमारतीत मी एकटाच.

चौथ्या दिवशी पुस्तक काखेत मारून बागेतून परतत होतो. तिसऱ्याच्या वर लिफ्टने मान टाकली. घंटा दाबली. तिसऱ्यावरचा बँकवाला आला.

“काका, कागद वाचलाय आम्ही.”

“चेष्टा पुरे. वर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत जा. आधी मेन स्विच बंद कर, मग ब्रेक सोडून चाक हाताने फिरव.”

“बाई गेल्यात वर. मी इथून निरोप देतो. ते पुस्तक मीही कॉलेजात वाचलंय. वाटलं, हा तर मीच. महिनाभर घरात कुणाचं काही केलं नाही, कुणाचं घेतलं नाही.”

“मग?”

“धुतलेले कपडे संपले. आमच्या ऑफिसात अजून सगळे वाचतात. बारा माणसं, बारा नायक. प्रिंटरमध्ये कागद कोण घालणार?”

वरून बाईंचा आवाज आला, “उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे?”

लिफ्ट आधी वीतभर खाली गेली, मग वर. वेळ जाईना, म्हणून मी पान उलटलं. भाषण पुढे चालूच होतं. हिचा शेराही.

‘बोलतो पानंच्या पानं, पण याचा डबा कोण भरतं ते कुठेच येत नाही. पुस्तक ह्यांच्या हाती लागू द्यायचं नाही.’

पावणेसहाला दार उघडलं. बाईंचे हात ग्रीसने कोपरापर्यंत काळे.

“चहा घेणार की तत्त्व?”

“चहा,” मी म्हणालो.

आधी तो कागद काढायला गेलो. चिकटपट्टी काही केल्या निघेना. शेवटी बँकवाल्याला हाक मारली.