विश्रामचा पुढला भाग

गुलाबभाऊ पुस्तक वाचायचा ते भिंतीकडे तोंड करून, आणि इतक्या मोठ्याने की समोरच्या घरात मला शाळेच्या वह्या तपासता येत नसत.

बाजारात तो मापारी होता. दिवसभर ओरडून धान्याची मापं मोजायची आणि पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचं, ही सवय पुस्तकातही शिरली होती. पहिलं पान उघडलं की आधी 'लाभ', मग गोष्ट. गोष्ट कायम डिटेक्टिव्ह विश्रामची. हा विश्राम गुन्हेगार पकडण्याआधी चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायचा आणि पिस्तूल कधीच बाळगायचा नाही. त्याचे जेवढे भाग निघाले तेवढे गुलाबभाऊने वाचले आणि कामरगावातल्या आमच्या गल्लीने ऐकले.

भिंतीचं कारण सगळ्यांना माहीत होतं. पलीकडे त्याचा थोरला भाऊ देवराव राहायचा. वाटणीत तांब्याच्या एका घंगाळावरून दोघांचं बिनसलं, अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. देवरावला वाचता येत नव्हतं. वाटणीआधी दोघं एकाच बाजेवर बसायचे. गुलाब वाचायचा, देवराव ऐकायचा. आता गुलाबभाऊने घसा साफ केला की पलीकडे बाज भिंतीजवळ ओढल्याचा आवाज येई. कोणी विषय काढलाच तर गुलाबभाऊ म्हणे, "मी कायले त्याच्यासाठी वाचू? मले तिकडून उजेड भेटते." त्या बाजूला उजेड अजिबात नव्हता.

मग विश्रामचे जुने प्रकाशक बंद पडले. शेवटच्या भागात विश्राम तळघरात अडकला होता, गळ्यापर्यंत पाणी चढलेलं. पुढे काहीच नाही. गुलाबभाऊ जुने भाग परत वाचू लागला. पलीकडची बाज सुरुवातीला ओढली जाई. मग एखाद्या दिवशी नाही. मग बहुतेक दिवशी नाहीच.

अशात बातमी आली, की मुंबईचं एक नवं प्रकाशन विश्रामचा पुढला भाग काढणार आहे, लेखकही नवा. तेव्हापासून माझा छळ सुरू झाला, कारण शाळेच्या कामाने मी अधूनमधून कारंज्याला जात असे आणि पुस्तकांचं दुकान तिथेच होतं.

"बाई, आलं का वो?"

"नाही आलं."

"काहून नाही आलं? तुमी बुकवाल्याले नीट इचारलं नसन."

"मला पाहिलं की आता तोच आधी मान हलवतो."

"नवा लेखक त्याच्या हाती पिस्तूल तं नाही देणार?"

"मला काय माहीत?"

"तुमी शिकेल बाई ना. लेखक लोकायचं तुमाले समजते."

भाजी घ्यायला गेले तरी हेच, मयतीला गेले तरी हेच. इंझोरीच्या एका लग्नात त्याने समोरच्या पंगतीतून ओरडून विचारलं, विश्राम पाण्यातून निघेल कसा? वाढणारा वरणाची बादली घेऊन थांबला. मी म्हटलं, "पोहून." गुलाबभाऊने ताटातला हातच काढला. "त्याले पोहता येत नाही, बाई. तुमी काही ध्यान देऊन ऐकत नाही."

ऐकण्यावाचून मला दुसरा इलाज होता कुठे!

शेवटी पुस्तक आलं. मीच आणलं. संध्याकाळी गुलाबभाऊने आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि 'लाभ' इतक्या जोरात म्हटलं की पलीकडची बाज लगेच करकरली. मीही त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. एवढे हेलपाटे घातले होते. तो माणूस बुडाला की नाही, ते तरी कळू दे.

नाही बुडाला. सरळ पोहत बाहेर आला, काठावर बसून सिगारेट पेटवली आणि खिशातून पिस्तूल काढलं. बडीशेपेचा पत्ताच नव्हता. पान उलटलं तर एक बाई नाचत होती आणि विश्राम तिला डोळा मारत होता. गुलाबभाऊचा आवाज उतरत उतरत बंदच झाला. पलीकडेही सगळं शांत. आता बाज मागे सरकते की काय, म्हणून तो कान देऊन बसला होता.

"हा आपला इश्राम नोहे बे, गुलाब," भिंतीपलीकडून आवाज आला.

गुलाबभाऊने पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणाला, "नाही ना, दादा. मीबी तेच म्हणून राह्यलो."

"त्याले पोहता कवा आलं?"

"तेच तं."

"कोन लिहून राह्यला हे?"

"हाये मुंबईचा कोनी."

"वाच पुढं. पाहू तं खरं, किती सत्यानाश केला त्यानं."

गुलाबभाऊने पुस्तक डोळ्यांजवळ धरलं, तोंड उघडलं. बाजारभर ऐकू जाणारा तो आवाज काही फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. मग त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"वाचा ना बाई," तो हळूच म्हणाला. "थांबू नका, नाही तं तो उठून जाईन."

मी चष्मा लावला आणि वाचू लागले. फारच वाईट लिहिलं होतं.