पंचूरावांची धण्याएवढी गोगलगाय

आमचे शेजारी पंचूराव दिवसातून सात वेळा आंघोळ करत. भक्तिभाव म्हणाल तर शून्य. पण गोगलगायीला हात लावला की विहिरीवर दोन बादल्या ओतून घेतल्याशिवाय त्यांची थोरली बहीण, अक्का, त्यांना घरात पाऊल टाकू देत नसे.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा मी नोकरीनिमित्त कुंभकोणमला गेलो. पंचूराव तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांच्या घराण्याला तंजावर प्रांतात पिढ्या लोटलेल्या, त्यामुळे मराठी बखरीतलं आणि वर तमिळची फोडणी. "नीट पाहा, सार!" हे त्यांचं पालुपद. जिलबी पुढे केली तरी गृहस्थ आधी वेटोळी मोजणार!

तिरुवलंचुळीच्या एका ओढ्यात त्यांना धण्याएवढी गोगलगाय सापडली. मग मला सायकलवर मागे बसवून मरुदानल्लूर, चोळपुरम्, सगळीकडचं पाणी त्यांनी धुंडाळलं. दुसरीकडे एक मिळेल तर शपथ! ही जातच नवी, असं त्यांनी कलकत्त्याच्या तज्ज्ञांना कळवलं. उत्तर आलं, 'हे नेहमीच्या गोगलगायीचं पिल्लू आहे.' कॉलेजभर हसू झालं. पंचूराव चार दिवस धड जेवले नाहीत.

अक्का सोवळ्यातली. मागच्या ओसरीवरच्या गोगलगायींच्या काचेच्या बरण्यांना ती शिवत नसे, पण हातभर अंतरावर बसून जप करता करता पाहत राही. पाचव्या दिवशी ती ओरडली, "अय्यो पंचू, ह्या लेंकरानें काचेस अंडीं लावलीं रे! लेंकरास लेंकरें कैसीं होतील?"

पंचूराव विहिरीवरून ओलेत्यानेच धावले. अंडी घालते म्हणजे पिल्लू कसलं, चांगली पोक्त गोगलगाय! अंड्यांची चित्रं काढून त्यांनी कलकत्त्याला धाडली. यथावकाश उत्तर आलं: मान्य, जात नवी, नाव तुम्हीच द्या. पंचूरावांनी सगळ्या गल्लीला कॉफी पाजली. प्रिन्सिपॉलसाहेब स्वतःच्या नावाची वाट पाहत दोनदा घरी येऊन गेले.

छापील कागद आला तेव्हा मी तिथेच होतो. पंचूरावांनी ते लांबलचक लॅटिन नाव वाचलं.

"काय म्हटलास?" अक्काने विचारलं.

"तुझेंच नांव, अक्का. यमुना. मागें लॅटिन शेपूट, इतकेंच."

नवव्या वर्षी विधवा झाल्यापासून तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. शेजारी राहून मलाही ते ठाऊक नव्हतं, याची मला लाज वाटली.

अक्काने पदराने डोळे टिपले. "आणीक एकदां वाच."

पंचूराव उभे राहिले आणि भर वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचू लागले.