लिफ्ट सोमवारपासून राखीव

नववी ‘ब’ला मानवी हक्क शिकवायचे म्हणजे शैलाबाईंसाठी दरवर्षीची तीच कटकट. बाई प्रोजेक्ट सांगायच्या आणि मुलं थर्माकोलवर बेड्या घातलेले हात चिकटवून आणायची. गेल्या वर्षी इतके हात जमले, की स्टाफरूममधलं एक कपाट त्यांच्यासाठी रिकामं करावं लागलं. यंदा बाईंनी वर्गात पाय ठेवल्या ठेवल्या जाहीर करून टाकलं.

“हात नकोत! हक्क हिरावला की कसं वाटतं, ते बघणाऱ्याला स्वतःला समजलं पाहिजे. आणि उदाहरण लांबचं नको. आपापल्या बिल्डिंगमधलं शोधा.”

बोलून गेल्या आणि फसल्या. क्षितिजा त्यांच्याच वर्गात होती आणि पूनम सागरमध्ये, म्हणजे त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, सातव्या मजल्यावर राहत होती. तिला उदाहरण शोधायला लिफ्टच्या दारापर्यंतच जावं लागलं. तिथल्या काचेच्या नोटीस बोर्डात अकरा वर्षं एक पिवळा पडलेला कागद होता. ‘घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले व मजूर यांनी लिफ्टचा वापर करू नये. मागच्या जिन्याने जावे. आदेशावरून, सेक्रेटरी.’

सेक्रेटरी म्हणजे हरिश्चंद्रराव, शैलाबाईंचे यजमान. आणि जिन्याने जाणारी म्हणजे सुलू. ती वरसाव्याहून बस पकडून यायची आणि बिल्डिंगमध्ये पाच घरी कामं करायची. गेल्याच आठवड्यात ती शैलाबाईंच्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसली होती.

“ताई, गुडघा आता ऐकत न्हाय. सहा माळे चढून वर येईस्तवर जीव जातोय. एक तारखेपासून दुसरी बाई बघा.”

शैलाबाई हबकल्या. त्या वीस वर्षं मुलांना समानता शिकवत होत्या आणि तेवढीच वर्षं नवऱ्याला ‘अहो, जरा ऐकता का’ म्हणत होत्या. सुलूसाठीही म्हणून पाहिलं होतं. “नियम म्हणजे नियम,” एवढंच उत्तर मिळालं होतं. सुलू जाणार, या विचाराने त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि स्वतःची लाजही वाटत होती.

क्षितिजाने मात्र प्रोजेक्ट फक्कड जमवला. तिने बोर्डावरची नोटीस जशीच्या तशी टाइप केली आणि फक्त माणसं बदलली. ‘सोमवारपासून फ्लॅटधारकांनी लिफ्टचा वापर करू नये. मागच्या जिन्याने जावे. लिफ्ट घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले व मजूर यांच्यासाठी राखीव राहील. आदेशावरून, सेक्रेटरी.’ खाली बाटलीचं झाकण ठेवून निळ्या पेनाने गोल शिक्काही काढला. रविवारी रात्री जेवायच्या आधी तिने तो कागद वॉचमन महिपतकडे दिला.

“काका, सहाशे दोनमध्ये द्याल? बेल वाजवली, पण टीचर बाहेर गेल्यात. त्यांना दाखवायचाय.”

आता सहाशे दोन म्हणजे सेक्रेटरींचं घर. सहाशे दोनचा शिक्का मारलेला कागद महिपतने आजवर एकाच ठिकाणी लावला होता. त्याने किल्ली काढली, बोर्ड उघडला, नोटीस टाचणीने पक्की केली आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानात चहा प्यायला गेला. हरिश्चंद्रराव पुतण्याच्या लग्नाला अलिबागला होते, त्यामुळे विचारायलाही कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी बिल्डिंग चालायला लागली. वाद कोणीच घातला नाही, कारण या सोसायटीत शिक्का बघितला की माणसं आधी पाळतात आणि मग चर्चा करतात. पाचव्या मजल्यावरच्या सुभाषकाकांनी तर चढता चढता कारणही शोधून काढलं.

“वरून जीआर आलाय. सगळीकडे लागू होतोय.”

“सेक्रेटरीने बोला है, तो कुछ सोच के ही बोला होगा,” चौथ्यावरच्या जिग्नाबेन कठड्याला धरून म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या.

शैलाबाई पहाटेच, घाईत बोर्डाकडे न बघता शाळेत गेल्या होत्या. दुपारी परत आल्या तर जिन्यात माणसंच माणसं आणि लिफ्टमधून सुलू उतरतेय.

“ताई, महिपतनं मला मानानं लिफ्टात बसवलं! म्हनला, आता ही तुमचीच हाय.”

बाईंनी बोर्ड वाचला. किल्ली महिपतकडेच होती. कागद एका मिनिटात उतरवता आला असता. त्यांनी सुलूच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, पर्स खांद्यावर सरकवली आणि निमूटपणे जिना चढायला लागल्या.

संध्याकाळी हरिश्चंद्रराव दोन बॅगा आणि आहेराची पितळी समई घेऊन हजर झाले. महिपत लिफ्टसमोर आडवा उभा राहिला.

“साहेब, जिन्यानं.”

“मी? अरे, मी कोण आहे?”

“सेक्रेटरी. खाली तुमचंच नाव हाय.”

हरिश्चंद्ररावांनी नोटीस वाचली. आपल्या नावाने भलताच कोणीतरी हुकूम काढतोय, हे वॉचमनसमोर कबूल करायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. “हो हो, लक्षात आहे,” असं म्हणून त्यांनी समई बगलेत मारली आणि चढायला सुरुवात केली. प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी बसलेलंच होतं आणि प्रत्येकाला त्यांच्याशी काहीतरी बोलायचं होतं. सहाव्या मजल्यावर पोचले तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते.

रात्री आठला कंपाउंडमध्ये तातडीची मीटिंग भरली. हरिश्चंद्ररावांना आता दम परत मिळाला होता.

“हा चावटपणा कुणाचा?”

क्षितिजा रडवेली होऊन उभी राहिली. “माझा प्रोजेक्ट आहे तो. चुकून लागला.”

“उद्याच प्रिन्सिपलकडे तक्रार करतो!”

“करा,” शैलाबाई उठून म्हणाल्या. “प्रोजेक्ट मी दिलाय. आणि दुपारी मी नोटीस पाहिली, तरी काढली नाही. माझंही नाव लिहा.”

सेक्रेटरींना बायकोविरुद्ध तक्रार कशी करतात ते माहीत नव्हतं. त्यांनी कायद्याचा आधार घेतला.

“तसली नोटीस मुळात बेकायदा! मिनिट्सबुकात ठराव असल्याशिवाय कुठलीच नोटीस चालत नाही!”

“मग जुनीचा ठराव आहे का?” सुभाषकाका पोटऱ्या चोळत म्हणाले.

“अर्थात आहे!” हरिश्चंद्ररावांनी अकरा वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि ठसक्यात मोठ्याने वाचायला लागले. “लिफ्टला नवीन सनमायका बसवल्याने तो नीट चिकटेपर्यंत घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले व मजूर यांनी लिफ्टचा वापर करू नये... मुदत...” इथे त्यांनी वही मिटायला घेतली.

“मुदत किती?” जिग्नाबेननी विचारलं.

“आठ दिवस.”

“काका,” क्षितिजा नाक पुसत म्हणाली, “सनमायका चिकटला असेल ना आता?”

आधी जिग्नाबेन हसल्या, मग सगळं कंपाउंड हसलं. दिवसभर जिन्यात तळमळलेल्या त्या माणसांनी हात वर केले आणि दोन्ही नोटिसा एकमताने उतरवल्या. महिपतने टाचण्या काढल्या. शैलाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी भर मीटिंगमध्ये क्षितिजाला मिठी मारली.

मंगळवारी शैलाबाईंना शाळा उशिराची होती. सकाळी लिफ्टमध्ये सुभाषकाका, जिग्नाबेन, सिलिंडरवाला आणि दुधाची पिशवी घेतलेले हरिश्चंद्रराव असे सगळे उभे होते. सुलू आत शिरली आणि लिफ्ट पीं पीं करायला लागली. वजन जास्त झालं होतं. सगळ्यांच्या नजरा सवयीने सुलूकडे वळल्या.

सुलूनेही सवयीने एक पाय बाहेर टाकला. मग थांबली. पाय पुन्हा आत घेतला आणि पदर खोचून भिंतीला टेकून उभी राहिली. लिफ्ट वाजतच राहिली. सुभाषकाका छताकडे बघायला लागले.

शेवटी हरिश्चंद्रराव खाकरले आणि बाहेर पडले.

“सायेब, ती पिशवी द्या हिकडं,” सुलू हात पुढे करून म्हणाली. “तुम्ही चढून येईस्तवर मी चहा टाकतंय.”

हरिश्चंद्ररावांनी पिशवी तिच्या हातात दिली. दार बंद झालं आणि ते जिन्याकडे वळले.