पोटाला विचारा, भावोजी

साल दोन हजार तेवीस, माझं वय बहात्तर, आणि माझा मेहुणा दत्ताराम रत्नागिरीच्या बाजारात, लाद्यांच्या दुकानात, सदरा गळ्यापर्यंत वर करून एका लादीवर पालथा पडला होता.

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"ही घसरते हो पोटाला," दत्ता खालूनच म्हणाला. "ती खडबडीत द्या."

"कोणासाठी पाहिजे?"

"पालीसाठी."

मी बाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. ओळख दाखवायची नव्हती.

दत्ता म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. मुंबईत कचेरीत शिपाई होता, निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारी खोली बांधून राहिला. येताना पाल घेऊन आला. भिंतीवरची नव्हे, परदेशी जातीची. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, शेपूट मुळ्यासारखी जाड. कुणीतरी हौसेनं आणून टाकून दिलेली. नाव बायो. तिला खायला झुरळं लागत, ती हा डब्यात वाढवायचा. आमच्यात पाल अंगावर पडली तर माणूस डोक्यावरून आंघोळ करतो. हा तिला तळहातावर घेऊन ओटीवर बसायचा. गावातले मला विचारत, "काय हो, पाव्हणीला आज काय वाढलंत?" मी मागच्या वाटेनं घरी जायला लागलो.

बायोसाठी काहीही घ्यायचं तर दत्ताचं एकच. "पोटाला विचारा, भावोजी. ती पोटानं ऊब घेते, तेव्हा खाल्लेलं जिरतं." वाळू नको, घासाबरोबर पोटात जाते. डोक्यावर रखरखीत दिवा नको. लादीखाली तापणारा पातळ पॅड, तो बेतात ठेवायला थर्मोस्टॅट, आणि हे सगळं तिच्या राहायच्या पेटीच्या एकाच टोकाला.

"दुसरं टोक थंड कशाला?" मी विचारलं.

"तिला वाटेल तिथं जाईल. तिचं घर आहे."

पेटी मी करायची ठरली. मी होड्यांचा सुतार. शाळा चौथीपर्यंत, पण माझी होडी कधी गळली नाही. फणसाच्या फळ्या घेतल्या, पुढे सरकती काच बसवली. दत्ता येता-जाता बजावायचा, "लाकडाला काही लावू नका हां. ऊब लागली की वास सुटतो."

माझं डोकं फिरलं. माझ्या हातची पेटी आणि किडीनं खायची? होडीला लावतो ते काजूच्या टरफलाचं तेल मी आतून दोन हात चढवलं, वाळवलं आणि पेटी त्याच्या ओटीवर नेऊन ठेवली.

"काही लावलं नाहीत ना?"

"आता तू मला शिकव," मी म्हणालो.

त्यानं पॅड लावला, लादी ठेवली, बायोला आत सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची हाक आली. बायो काचेला टेकून पडलेली, तोंड वासलेलं, डोळे मिटलेले. पेटीतून तो उग्र वास येत होता. मला तो झोपेतसुद्धा ओळखता येईल. दत्तालाही आला.

त्यानं तिला बाहेर काढलं, सदऱ्याखाली पोटावर ठेवलं आणि ओटीवर उताणा झोपला.

माझी बायको धावत आली. "काय रे झालं हिला?"

"मीच पॅड जास्त तापवला गो ताय."

"मेल्या, स्वतःचं डोकं तापव!"

दत्तानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी खांबाशी बसून राहिलो. 'मी लावलं तेल' एवढं बोलायचं होतं.

बायको आत गेल्यावर दत्ता म्हणाला, "मुंबईत खोलीभर माणसं होतो आम्ही, भावोजी. माझी जागा दाराशी. पावसाळ्यात पाणी आत यायचं, उन्हाळ्यात झळ. सरकायचं म्हटलं तर सरकणार कुठे? तिथंच नोकरी संपली." मग सदऱ्यावरून हात फिरवत म्हणाला, "हिला दोन टोकं द्यावीशी वाटली."

दिवेलागणीला बायोनं त्याच्या बोटावरचा पाण्याचा थेंब चाटला. दत्ता तरी हलला नाही. उठलो तर तिला गार लागेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पेटी कुऱ्हाडीनं फोडली, काचवाल्याकडे अख्ख्या काचेची सांगितली, आणि लाद्यांच्या दुकानात गेलो. जुन्या लादीला तेलाचा वास धरला होता. दुकानात गिऱ्हाइकं बरीच होती.

"कसली दाखवू, आजोबा?"

मी सदरा वर केला आणि पालथा पडलो.