दोन कलमांवरून गढी चौरस ठरविल्याची हकीकत

श्रीबुद्धिदात्यास नमन करोन, ऐकीव ते ऐकीव आणि मोजिले ते मोजिले असे वेगळे राखोन हे लिहिले जाते. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, माघ वद्य पंचमीचे दिवशी एका राज्याच्या महाराजांनी शत्रूच्या चौबुरुजी गढीस वेढा घातला असता, ती गढी बांधणारा एक गवंडी घायाळ होऊन छावणीत आला आणि दोन कलमे सांगता झाला: पायाभरणीस समोरासमोरच्या बुरुजांमध्ये दोन सुते ताणिली, ती दोन्ही दोनशे हात, आणि ती परस्परांस काटकोनात छेदीत, छेदिले तेथेच दारूखाना. मग तिसरे काही सांगावयास तोंड उघडिले आणि प्राण सोडिला. मग दरबारच्या चिताऱ्याने सुबक चौरस काढोन डेऱ्यात टांगिला, आणि सकळ मंडळींनी चित्रासच गढी मानिले, की जवळच्या बुरुजापासून शंभर हात सुरुंग नेला म्हणजे दारूखाना माथ्यावर येतो.

सुरुंगाचे काम येमाजी बेलदार आणि त्याची एकतीस माणसे यांजकडे आले. तो भूमितीचे जाणते केसो विसाजी यांच्या राहुटीत गेला आणि म्हणाला, "पंत, चित्र झक्क आहे. पण आम्हांस चित्राखालून जायचे नाही. शंभर हात खरे का?" पंतांनी सारख्या लांबीच्या दोन काठ्या काटकोनात ठेविल्या आणि एक काठी सरकविली, तो चौरसाचा पतंग जाहला. म्हणाले, "काठ्या त्याच, कोन तोच. छेद मधोमध असेल तर शंभर; नसेल तर साठ, तीस, काहीही. सुते एकमेकांस दुभागीत होती काय, हे कळल्यावाचून चौरस ठरत नाही." "म्हणजे मरतानाही गवंड्याने काम अर्धेच ठेविले," येमाजी हसला. "उद्या दरबारात एवढेच बोला, पंत. माझी दोन्ही पोरे माझ्यापुढे खणणार आहेत." पंत म्हणाले, "बोलेन."

परंतु त्या दरबारची रीत अशी की जाणत्याने चारांतील एक निवाडा द्यावा: पहिले कलम एकटे पुरे, दुसरे एकटे पुरे, दोन्ही मिळून पुरी, अथवा दोन्ही मिळूनही अपुरी, आणि जो अपुरी म्हणेल त्याने उणे ते स्वतः जाऊन आणावे. या रीतीमुळे त्या राज्यात बारा वर्षे काहीच अपुरे पडिले नव्हते. महाराजांनी प्रश्न केला, आणि पंतांनी चित्राकडे पाहिले, मग दूर बुरुजावरील बंदुकांकडे पाहिले, आणि बोलिले, "दोन्ही मिळून पुरी, महाराज." येमाजी दाराशी होता. म्हणाला, "पंत, काठी सरकवा की." कारभारी गरजले, "निवाडा जाणत्याचा, बेलदाराने खणावे!"

मग खणिले. साठाव्या हातास माथ्यावर पिंपे लोटल्याचा आवाज आला, तेव्हा येमाजीने निरोप धाडिला, "दारूखाना येथेच दिसतो, थांबावे काय?" कारभाऱ्यांचे उत्तर गेले, "चित्रात शंभर आहेत." मग पुढे खणिले, आणि वरच्या पहाऱ्याने पहारींचे ठोके ऐकिले, आणि ब्याण्णवाव्या हातास ते असता मागे भोक पाडोन विहिरीचे पाणी आत सोडिले. बत्तीस माणसांपैकी कोणी बाहेर आले नाही.

मग चौकशी होऊन ठरले की निवाडा बरोबर, बेलदारांनी हात लांब धरिला, म्हणोन शंभराचे साठ भरले. त्या कागदावर पंतांची सही मागविली, तेव्हा येमाजीची बायको ठकू दरबारात उभी होती. विचारती झाली, "पंत, आमच्या माणसांचा हात लांब होता?" "नव्हता," पंत हळू म्हणाले. "मग मोठ्याने बोला की!" महाराजांनी विचारिले, "बाई काय म्हणते?" पंत म्हणाले, "काही नाही, महाराज," आणि सही केली.

सारांश: कर्ण समान आणि परस्परांस लंब, एवढ्याने चौकोन चौरस ठरत नाही. पुढे गढी तहात आली तेव्हा मोजिली. जवळच्या बुरुजापासून दारूखाना एकसष्ट हात भरला. मोजणीस केसो विसाजी यांसच धाडिले होते. गढी रिकामी होती आणि काम दोन घटकांत उरकले.