पुढचा पावसाळी, मागचा कोरडा

सकाळपासून कारकून सातव्यांदा गॅलरीत गेला, कठड्यावरून ओणवा होऊन आभाळ बघून आला आणि परत खुर्चीच्या कडेवर टेकला. पूर्ण बसला नाही. पूर्ण बसायला लागतं तेवढं मन त्या दिवशी त्याच्याजवळ नव्हतं.

"काय म्हणतंय आभाळ?" थर्मासमध्ये चहा ओतता ओतता बायकोने विचारलं.

"पश्चिमेला काळं आहे. पूर्वेला लख्ख आहे. मध्ये काही ठरलेलं दिसत नाही."

"म्हणजे तुमच्यासारखंच की."

"आणि ऑफिसातली खिडकी मी शुक्रवारी लावली होती का गं?"

"मी होते का तिथे?"

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. बायकोचा धाकटा भाऊ आला होता. कोपऱ्यावर त्याचं टायरचं दुकान होतं आणि रेसच्या दिवशी तोच कारकुनाचा मेकॅनिक, हमाल आणि सल्लागार असे. टेम्पोत मोटरसायकल दोरखंडांनी बांधली होती आणि तिच्या शेजारी चाकांच्या दोन जोड्या होत्या: एक पावसाळी टायरची, एक कोरड्या टायरची. सगळा घोळ या दोन जोड्यांचा.

कारकून नोकरीला होता हवामान खात्यात. पण खात्यात म्हणजे कुठे, तर तळमजल्यावर, जुन्या नोंदींच्या खोलीत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुठे किती पाऊस पडला त्याची बाडं बांधायची, नाड्या आवळायच्या, कपाटात लावायची. उद्याचा पाऊस वरच्या मजल्यावर राहायचा. त्याच्या वाट्याला यायचा तो पडून गेलेला. हे त्याने मोटरसायकल क्लबातल्या मंडळींना शंभरदा सांगून पाहिलं होतं. पण मंडळींनी त्याचं नाव 'वेधशाळा' ठेवलं ते ठेवलंच.

आणि क्लबाचा एक नियम होता. ओळीने तीन रेसमध्ये जो शेवटचा येईल त्याने आपला नंबर क्लबाला परत करायचा आणि पुढचं वर्षभर वळणावर उभं राहून पिवळं निशाण हलवायचं. कारकून दोनदा शेवटचा आला होता. ही तिसरी. त्याचा नंबर सत्तावीस, बायकोने स्वतःच्या हाताने रंगवलेला.

मन स्थिर करायला मोठमोठी माणसं डोंगरात जाऊन बसली. या गृहस्थाने त्यासाठी रेसचा ट्रॅक निवडला होता. हसू नका. आठवड्यातून सहा दिवस त्याचं मन 'खिडकी लावली का, गॅस बंद केला का, छत्री घेऊ का' यात दळलं जायचं. रेसच्या त्या दहा फेऱ्यांत मात्र डोक्यात एकच गोष्ट उरे: पुढचं वळण. तेवढी वीस मिनिटं देवाने आपल्याकडून काढून घेऊ नयेत, एवढंच त्याचं मागणं होतं.

ट्रॅकवर पोचून तंबू ठोकून होतो न होतो तोच मेहुण्याने बाही सरसावली.

"दाजी, एकदाच सांगा. मी चाकं लावतो आणि मग जेवतो."

कारकुनाने वर पाहिलं. पावसाळी टायर म्हणजे मऊ रबर आणि खोल खाचा. ओल्या रस्त्यावर तो पाणी बाजूला सारून पकड घेतो, पण तापल्या कोरड्या ट्रॅकवर साबणाच्या वडीसारखा झिजतो. कोरडा टायर जवळजवळ गुळगुळीत. उन्हात गोंदासारखा चिकटेल, पण पाण्यात माणसाला थेट लोटांगण घालायला लावील. चुकलं की शेवटचा नंबर ठरलेला.

"पावसाळी लाव," कारकून म्हणाला.

शेजारच्या तंबूत दाताचा डॉक्टर होता. क्लबातला पहिला किंवा दुसरा, तिसरा कधीच नाही. हातात चहाचा कप घेऊन तो सहज फिरत आल्यासारखा आला.

"काय वेधशाळा! पावसाळी का?"

"मला काही माहीत नाही हो डॉक्टर. आपलं असंच."

"असंच!" डॉक्टर डोळा मिचकावून हसला. वीस वर्षं लोक खुर्चीत बसून त्याला 'काही दुखत नाही' असं सांगत आले होते. तोंडाने सांगितलेल्या गोष्टीवर त्याचा आता विश्वासच उरला नव्हता.

दहा मिनिटांत आठ तंबूंमधून मोटरसायकली स्टँडवर चढल्या आणि पावसाळी चाकं बाहेर निघाली. कारकुनाने ते पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "बघ," तो मेहुण्याला म्हणाला, "सगळे पावसाळीच लावतायत. आपलं बरोबर होतं."

ही शांती पाच मिनिटं टिकली. मग ऊन पडलं.

"अरे, ऐक ना..."

"दाजी, घास तोंडात आहे."

"गिळ आणि कोरडे लाव."

मेहुण्याने गिळला. कोरडे लावले. पलीकडे डॉक्टरने आपल्या माणसाला कोपराने ढोसलं, त्या माणसाने बेकरीवाल्याला खुणावलं, बेकरीवाल्याने त्याच्या पलीकडच्या वकिलाला, आणि बघता बघता सगळ्या रांगेत पाने खणखणू लागले. एका वकिलाचीच चाकं तेवढी पावसाळी राहिली, कारण त्याचा पाना बेकरीवाल्याने नेला होता. पण कारकुनाला ते कुठून कळणार? त्याला दिसला तो एवढा मोठा वकील, पावसाळी टायर लावून निवांत बसलेला.

"वकील बदलत नाहीये," कारकून कुजबुजला. "त्याला काहीतरी ठाऊक आहे."

"त्याला कायदा ठाऊक आहे, दाजी. पाऊस कायद्यात नसतो."

"तू लाव पावसाळी."

अकरा वाजेपर्यंत चाकं पाच वेळा बदलली. कोरडे टायर आधी गरम करायचे म्हणून त्यांना विजेवरची ब्लँकेटं गुंडाळायची असतात. बारा जणांनी एकदम गुंडाळली आणि जनरेटरने मान टाकली. तो सुरू होईतो सगळ्यांनी ब्लँकेटं काढून पावसाळी चाकं चढवली होती. हवा भरायच्या पंपापाशी ही लांब रांग लागली, आणि रांगेतला प्रत्येक जण डोळ्याच्या कोपऱ्यातून सत्तावीस नंबरच्या तंबूकडे बघत होता.

घडीच्या खुर्चीत बसून विणकाम करता करता बायको हे सगळं पाहत होती. तिने सुई थांबवली.

"अहो, एक सांगू? तुम्ही त्यांच्याकडे बघून बदलता आणि ते तुमच्याकडे बघून बदलतात."

"काहीतरीच! ते मोठे रेसर. शेवटून पहिल्या माणसाकडे ते कशाला बघतील?"

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा टाका घातला.

तेवढ्यात क्लबाचे सेक्रेटरी आले. निवृत्त व्यायामशिक्षक, गळ्यात शिट्टी. त्यांनी कारकुनाला खांद्याला धरून तंबूच्या मागे नेलं.

"वेधशाळा, मला एकट्याला सांगा. कुणाला बोलणार नाही. रेस लवकर घेऊ का?"

"सर, खरंच सांगतो, मला फक्त झालेला पाऊस माहीत असतो."

सेक्रेटरींनी हळूच मान डोलावली. "समजलं," ते आवाज खाली आणून म्हणाले. "सरकारी नोकरी. बंधन असतं." आणि गंभीर चेहऱ्याने निघून गेले.

कारकुनाने पुन्हा कोरडे लावायला सांगितले. आता साडेबारा वाजत आले होते, रेस एकला. आणि नेमकं तेव्हा पश्चिमेकडून गार वाऱ्याचा एक झोत आला, तंबूचं कापड फडफडलं आणि कारकुनाला आठवण झाली. रेसची नव्हे, खिडकीची. खोलीची खिडकी, तिच्याखालचं टेबल, टेबलावर नाड्या न बांधलेली एकवीस बाडं! त्याने घाईघाईने ऑफिसच्या पहारेकऱ्याला फोन लावला.

"हॅलो? मी बोलतोय, खालच्या खोलीतला. तू आत्ताच्या आत्ता उठ आणि खिडकी लाव! हो हो, आत्ता! पाऊस आत आला तर सगळं भिजेल, काही हाती लागणार नाही! वरच्यांना विचारत बसू नकोस, तू धाव!"

तो फोन ठेवून वळला तर मागे दाताचा डॉक्टर उभा, हातातला कप वाकडा, चहा बुटावर.

डॉक्टर तसाच वळला. पळत सुटला. एका मिनिटात सगळ्या रांगेत धावपळ उडाली. "हेड ऑफिसला कळवलं त्याने! आपल्या कानांनी ऐकलं मी! खिडक्या लावून घ्या म्हणाला!" मोटरसायकली स्टँडवर चढल्या, कोरडी चाकं गडगडत तंबूंच्या बाहेर आली. सेक्रेटरींनी स्वतः रेनकोट चढवला.

कारकुनाने ही पळापळ पाहिली आणि तो पांढराफटक पडला. "सगळे पावसाळी लावतायत. अरे बाबा, लाव, लाव!"

मेहुण्याने देवाचं नाव घेऊन पाना उचलला. पुढचं चाक निघालं, पावसाळी बसलं. मग तो मागे गेला, पाना लावला, जोर दिला. पाना नुसता फिरला.

"काय झालं?"

"नटाचे कोपरे गेले." मेहुण्याच्या आवाजात दुःख होतं की समाधान, ते सांगणं कठीण. "सकाळपासून सहा वेळा उघडलाय. आता घट्ट आहे, पडायचा नाही. पण निघायचाही नाही. मागचं चाक आज कोरडंच."

"मग पुढचं परत कोरडं कर!"

लांब शिट्टी वाजली. सगळ्यांनी रांगेत यायचं होतं.

तपासणीचे गृहस्थ वही घेऊन आले. त्यांनी पुढचं चाक पाहिलं, मागचं पाहिलं, वर आभाळ पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. "नियमात बसतं," ते म्हणाले. "डोक्यात बसत नाही." आणि सही करून पुढे गेले.

कारकून हेल्मेट हातात धरून नुसता उभा होता. बायको जवळ आली, तिने त्याच्या हनुवटीखालचा पट्टा लावला.

"असू द्या हो. निम्मं आभाळ काळं, निम्मं लख्ख. चाकं बरोबरच लागलीत."

"दाजी," मेहुणा म्हणाला, "पुढच्या चाकाला तान्ह्या बाळासारखं जपा. ब्रेक लांबून, हलक्या हाताने. मागच्याला मात्र दयामाया नको."

आणि आता ऐका गंमत. रांगेत जाऊन उभा राहिल्यावर कारकुनाच्या लक्षात आलं की बदलण्यासारखं काहीच उरलेलं नाही. नट गेला, वेळ गेली, खिडकीकडे पहारेकरी गेला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने पूर्ण श्वास घेतला.

दिवा हिरवा झाला. अकरा जण सुसाट निघाले आणि बारावा त्यांच्या मागे, बाळाला खेळवत. पश्चिमेचे ढग एवढा वेळ थांबले होते ते जणू रेस सुरू होण्यासाठीच. त्यांनी आपलं बिऱ्हाड उचललं आणि दुसरीकडे निघून गेले. ऊन असं पडलं की ट्रॅकवरून वाफा निघाल्यासारख्या दिसू लागल्या.

तिसऱ्या फेरीपर्यंत कारकून नेहमीच्या जागी होता. चौथ्या फेरीत त्याला रस्त्यावर काळ्या रबराचा चुरा दिसायला लागला. पाचव्या फेरीत बेकरीवाला समोर दिसला, लोण्यावरून चालवत असल्यासारखा डुलत. कारकून त्याच्या बाजूने पुढे गेला. मग वकील, मग आणखी दोघे. वळणावर सगळ्यांच्या मागच्या चाकांचं पीठ होत होतं, आणि त्याचं मागचं चाक मात्र गोंदासारखं चिकटून ढकलत होतं. सातव्या फेरीत दाताचा डॉक्टर खडीच्या पट्ट्यात अलगद जाऊन बसला, आणि शेजारी उभा असलेला माणूस त्याच्या डोक्यावर पिवळं निशाण हलवत होता.

शेवटच्या फेऱ्यांत आणखी तिघे मागे पडले आणि रेस संपली. कारकून तंबूत आला, हेल्मेट काढलं आणि धीर करून विचारलं, "शेवटून कितवा?"

"नववा," बायको म्हणाली.

तो बोटं मोजायला लागला. बारातून नववा शेवटून... चौथा! पहिल्यापासून चौथा! त्याने सत्तावीस आकड्यावर तळवा ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. मेहुण्याने उरलेला घास चार तासांनी तोंडात टाकला.

तेवढ्यात कपडे झाडत डॉक्टर आला. मागून निम्मा क्लब.

"वेधशाळा, मानलं तुम्हाला. खोल माणूस! आमच्यासाठी फोनचं नाटक, आणि स्वतः पुढचा पावसाळी, मागचा कोरडा!"

"नाटक नाही हो. नट गेला होता."

"नट!" डॉक्टर सगळ्यांकडे बघून हसला. "ऐकलंत? नट म्हणे!"

महिन्याने पुढची रेस होती. आभाळ निळंभोर. कारकुनाने आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं, दोन्ही कोरडे, आणि गॅलरीत एकदाच गेला होता. टेम्पोतून उतरून तो रांगेने चालत आला आणि तिसऱ्या तंबूपाशी थांबला. मग चौथ्यापाशी. मग पळतच आपल्या तंबूत आला.

"अगं, डॉक्टरने पुढे पावसाळी लावलाय आणि मागे कोरडा! बेकरीवाल्यानेही! वकिलाने, सगळ्यांनी!" त्याने निरभ्र आभाळाकडे संशयाने पाहिलं. "त्यांना काहीतरी ठाऊक आहे. पुढचं चाक घरून आणता येईल? अजून दोन तास आहेत."

मेहुण्याने मुकाट्याने पान्यांची पेटी उचलून बहिणीसमोर ठेवली. तिने झाकण लावलं, वर विणकामाची पिशवी ठेवली, तिच्यावर स्वतः बसली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा आता. पूर्ण बसा."

कारकून बसला. कडेवरच, पण बसला.